प्रसार भारती स्वायत्त आहे, तर दबाव येतो कुठून?

बातमीवेडा:
कायदा १९९० चा, अंमल १९९७ पासून. आकाशवाणी-दूरदर्शन चालवणारी प्रसार भारती कागदावर स्वायत्त. मग त्यांच्या बातम्या सरकारी का वाटतात? नेमकं कलम कोणतं?

कलमबहाद्दर:
सगळे २३ व्या कलमाकडे बोट दाखवतात. देशाची सुरक्षा, सुव्यवस्था वगैरे कारणांवरून अमुक लावा, अमुक लावू नका असा आदेश सरकार त्याखाली देऊ शकतं. पण त्या आदेशाची प्रत संसदेच्या दोन्ही सभागृहांपुढे ठेवावी लागते. शिवाय ‘हे सरकारच्या आदेशावरून’ असं प्रसारणातच सांगायची मुभा प्रसार भारतीला आहे. एवढा बोभाटा कोण ओढवून घेईल?

मेख पैशात आहे. रेडिओ-टीव्हीची लायसन्स फी १९८० च्या दशकातच गेली. आता पगार निघतात केंद्राच्या अनुदानातून आणि ते माहिती व प्रसारण मंत्रालयामार्फत येतं.

जुनाश्रोता:
पैशाइतकीच माणसंही बघा. वृत्त विभागातल्या वरच्या खुर्च्यांवर बहुतेक भारतीय माहिती सेवेचे अधिकारी असतात. त्यांच्या बदल्या-बढत्या मंत्रालयाच्या हातात. आज आकाशवाणीचं बुलेटिन, उद्या पीआयबीत, म्हणजे सरकारच्या पत्र सूचना कार्यालयात, मंत्र्यांची प्रेसनोट. अशा माणसाला फोन करायचीसुद्धा गरज पडत नाही.

२०१७ च्या स्वातंत्र्यदिनाचं उदाहरण घ्या. त्रिपुराचे तेव्हाचे मुख्यमंत्री माणिक सरकार यांचं भाषण ध्वनिमुद्रित होऊन तयार होतं. मजकूर बदलल्याशिवाय लावता येणार नाही, असं पत्र त्यांच्या कार्यालयाला गेलं. त्यात दाखला दिवसाच्या पावित्र्याचा आणि प्रसारण संहितेचा. त्यांनी शब्द बदलला नाही, भाषण लागलं नाही.

बातमीवेडा:
हे कागदोपत्री कसं पकडायचं?

कलमबहाद्दर:
माहिती अधिकारात. ऑनलाइन अर्ज, फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. ‘बातमी का गाळली?’ असं विचारलंत की अर्ज वाया गेला. कारणमीमांसा म्हणजे माहिती नव्हे, असं उत्तर येतं. प्रसार भारतीकडे कागद मागा: अमुक तारखेच्या अमुक बुलेटिनची संहिता, त्या विषयावरचा पत्रव्यवहार, फायलीवरच्या टिपणांसह. २३ व्या कलमाखालच्या आदेशांची यादी मात्र मंत्रालयाकडे मागा. दोन्हीकडे वेगवेगळे अर्ज करा, एकात कोंबलंत तर अर्ज इकडून तिकडे फिरण्यातच दिवस जातात. आणि घाई करा. जुनं ध्वनिमुद्रण जपून ठेवलेलं असेलच असं नाही.