मदत हवी आहे: अमेरिकन कॉलेज बास्केटबॉलचे बदललेले नियम, पंचाने नेमकं बघायचं कुठे?

नमस्कार मंडळी,

इथे क्रिकेटवाल्यांचं राज्य आहे, कल्पना आहे. तरी बास्केटबॉलची शिट्टी फुंकणारं कोणी असेल तर दोन मिनिटं द्या.

महाराष्ट्रात असताना जिल्हा आणि आंतरमहाविद्यालयीन सामन्यांना पंच होतो, म्हणजे सगळं शिक्षण फिबाच्या (आंतरराष्ट्रीय महासंघाच्या) पुस्तकावर. आता नोकरीनिमित्त इंडियानात आहे. बास्केटबॉलसाठी याहून वेडं राज्य शोधून सापडणार नाही. हिवाळ्यात इथल्या हायस्कूलचे सामने करतो. पुढे लहान कॉलेजांचे मिळावेत म्हणून उन्हाळ्यात पंचांच्या कॅम्पला जायचं आहे. तिथे सामने वाटणारी मंडळी कडेला बसून तुमची प्रत्येक शिट्टी तपासतात. त्यासाठी एनसीएएचं (इथली कॉलेज खेळांची संस्था) पुरुषांचं नियमपुस्तक उघडलं आणि डोकं भणाणलं.

माझं घोडं अडलंय ते एकाच प्रसंगावर. खेळाडू ड्रिबल करत आत घुसतो, त्याचा डिफेंडर मागे पडतो, मदतीला दुसरा येऊन रिंगसमोर उभा राहतो. धडक होते, दोघंही आडवे, बॉल जाळीतून खाली. चार्ज (घुसणाऱ्याचा फाउल) की ब्लॉक (डिफेंडरचा फाउल)?

फिबात आणि हायस्कूलमध्ये सोपं होतं (म्हणजे निर्णय अवघड, पण प्रश्न सोपा): खेळाडूचे पाय जमिनीवरून सुटण्याआधी डिफेंडर जागेवर होता का? एनसीएएने २०२३-२४ पासून हा क्षण अलीकडे ओढला. उडी मारण्यासाठी खेळाडू पाय रोवतो, त्या वेळी डिफेंडर जागेवर हवा. त्यानंतर पोचला तर ब्लॉक. पाय रोवणं आणि पाय सुटणं यांत पापणी लवण्याइतकं अंतर, पण निम्म्या चार्जचा निकाल तिथेच फिरतो.

वर रिंगखालची कमान आहेच, जिच्यात उभ्या डिफेंडरला चार्ज मिळत नाही. ती चार फुटांची, जवळपास फिबाच्या सव्वा मीटरइतकीच. पण इथे ती फक्त मदतीला आलेल्या डिफेंडरला लागू, मूळच्या डिफेंडरला नाही. हायस्कूलला तर कमानच नाही.

त्यात २०२५-२६ पासून तिसरी भर. पूर्वी फाउल झाला तेव्हा शॉटसाठी वर जाण्याची हालचाल सुरू असेल तरच बास्केट धरायचे. आता ड्रिबल संपल्यावर धक्का बसला, तर खेळाडू चालू पाऊल पुरं करून किंवा पिव्हट करून (एका पायावर वळून) शॉट मारू शकतो आणि बास्केट धरली जाते. हा बदल मला उलट ओळखीचा वाटला, फिबात आपण साधारण असंच धरतो. गंमत बघा, एक नियम फिबाकडे सरकला आणि दुसरा तिच्यापासून लांब गेला.

तर प्रश्न असा: डिफेंडर कधी थांबला, पाय कधी रोवला, टाच कमानीत होती का आणि ड्रिबल संपला होता का, हे सगळं एकाच वेळी दोन डोळ्यांनी कसं बघता? बेसलाइनवर लीडला (रिंगजवळच्या पंचाच्या जागी) उभं राहिलं की माझी नजर आपोआप बॉलकडे जाते. सवय कशी मोडायची?

दुसरं, कोचच्या चॅलेंजमुळे (पंचाचा निर्णय कॅमेऱ्यावर तपासायला लावण्याची सोय) प्रत्यक्षात काय फरक पडला? आणि हाफ जाऊन क्वार्टर येणार म्हणतात, त्याची तयारी आतापासून करायची का?

खडूस_शिट्टी:

साहेब, चार उत्तरं एकाच माणसाकडून मागताय, तिथेच गाडी अडतेय. कोर्टावर तिघं असता ना?

ड्राइव्ह ज्याच्या भागातून सुरू झाला (सेंटर किंवा ट्रेल, म्हणजे बाजूचा किंवा मागचा पंच), त्याने ड्रिबलर आणि त्याचा मूळ डिफेंडर शेवटपर्यंत सोडायचा नाही. बॉल हातात कधी आला हे तोच सांगू शकतो. तुम्ही लीडला असाल तर तुमचं गिऱ्हाईक एकच: मदतीला येणारा डिफेंडर. ड्राइव्ह सुरू झाला की बॉल विसरा आणि आत कोण सरकतंय ते शोधा. तो दिसला की त्याच्या पावलांवर नजर रोवा. खेळाडू तुमच्या चौकटीत स्वतःहून येतो, त्याला शोधायला जावं लागत नाही. त्याने उडीसाठी पाय रोवला त्या क्षणी डिफेंडर अजून जागा घ्यायला सरकत असेल तर ब्लॉक.

क्रमही लक्षात ठेवा. बॉल हातात असताना चार्ज झाला तर बास्केट धरायची की नाही हा वाद तिथेच संपला. तो ब्लॉक झाल्यावरच उरतो, आणि तेव्हा साथीदाराला विचारायला भरपूर वेळ असतो.

सगळ्यात महत्त्वाचं: मूठ वर, शिट्टी, आणि थांबा. लगेच कमरेवर हात (ब्लॉकची खूण) नको. समोरून दुसरी शिट्टी आली असेल तर आधी नजरानजर करा. एकाने ब्लॉक आणि दुसऱ्याने चार्ज दाखवला की कॅम्पमध्ये काय शोभा होते ते सांगायला नको.

सवयीसाठी घरी व्हिडिओ लावा, आवाज बंद. पहिल्यांदा फक्त डिफेंडरचे पाय बघा, बास्केट झाली का हेही बघू नका. दुसऱ्यांदा पाय रोवल्याच्या फ्रेमवर थांबवा आणि स्वतःचा निर्णय पडताळा. कंटाळवाणं आहे, पण दुसरा उपाय मला तरी सापडला नाही.

तुम्ही नशीबवान, असंही म्हणेन. २०१३-१४ साली हाच क्षण वर झेपावण्याच्या हालचालीवर आणला होता, पुढे तो परत पाय सुटण्यावर गेला, आता पाय रोवण्यावर. निदान रोवलेला पाय डोळ्यांना दिसतो. ‘झेपावण्याची सुरुवात’ प्रत्येकाची वेगळी असायची.

नागपाड्याचा_पोरगा:

आमच्याकडे चॅलेंज फार आधीपासून आहे. कोच थेट कोर्टात येतो 😄

खडूस_शिट्टी:

चॅलेंजचं राहिलं. पुरुषांच्या सामन्यात कोचला तीनच गोष्टींवर दाद मागता येते: बॉल कोणाकडून बाहेर गेला, गोलटेंडिंग किंवा बास्केट इंटरफिअरन्स (रिंगकडे खाली येणाऱ्या किंवा रिंगवरच्या बॉलला बेकायदा हात), आणि मदतीचा डिफेंडर कमानीत होता का. टाइमआउट शिल्लक हवा. पहिलं चॅलेंज बरोबर निघालं तर आणखी एक मिळतं, चुकलं तर खेळ खलास.

म्हणजे डिफेंडर उशिरा पोचला की वेळेवर, हा तुमचा निर्णय कोणी कॅमेऱ्यावर नेऊ शकत नाही. नेता येते ती फक्त टाच. त्यामुळे कमानीबद्दल कोच आता जास्त ओरडणार, तयारी ठेवा.

खरा फरक शेवटच्या दोन मिनिटांत आहे. कमान आणि गोलटेंडिंग तेव्हा पंच स्वतःहून तपासू शकतात, पण बॉल बाहेर गेल्याचा निर्णय चॅलेंजशिवाय नाही. दोघांच्या बोटांना लागून बॉल बाहेर गेला की पूर्वी आपण बिनधास्त मॉनिटरकडे निघायचो. आता दिशा ठामपणे दाखवावी लागते, आणि साथीदाराने वेगळं पाहिलं असेल तर थ्रो-इनआधी येऊन सांगावं लागतं. ज्या कोर्टावर रिप्लेची सोयच नाही तिथे हे कायमच असं होतं, म्हणून लहान कॉलेजांतून वर आलेले पंच या बाबतीत पक्के असतात.

टेबलावरची_ताई:

मी कॉलेजच्या मुलींच्या सामन्यांना स्कोअरर असते, म्हणून क्वार्टरबद्दल. मुलींकडे २०१५-१६ पासून दहा मिनिटांचे चार क्वार्टर आहेत. पुरुषांच्या बाबतीत २०२५ मध्ये नियम समितीने अनुकूलता दाखवली आणि कॉन्फरन्सेसना संयुक्त गट नेमायला सांगितलं. टीव्हीच्या जाहिरातींचं गणित जुळवणं हा मोठा अडसर.

टेबलावरून सांगते, काम हलकं होतं. पुरुषांकडे हाफमधल्या सातव्या फाउलला वन-अँड-वन (पहिला फ्री थ्रो गेला तरच दुसरा), दहाव्याला दोन फ्री थ्रो. आमच्याकडे क्वार्टरमधल्या पाचव्या फाउलपासून सरळ दोन, आणि नव्या क्वार्टरला पाटी कोरी. वन-अँड-वनचा पहिला चुकला की बॉल चालू असतो, आणि तेवढ्यात कोणीतरी हमखास ‘दोन होते ना?’ म्हणून आत शिरतो. ती कटकट नाही.

पण दादा, पंचांचं एक काम वाढतं. बझरबरोबर सुटलेला शॉट दोनदाऐवजी चारदा बघावा लागतो.

धागाकर्ता:

खडूस, ताई, मनापासून आभार. क्वार्टरचं तर हायस्कूलमुळे अंगवळणी आहे, इथेही पाचव्या फाउलला दोन देतो.

एक शंका उरली. मूळ डिफेंडर मागे पडला, पण धावत पुढे येऊन कमानीत पुन्हा उभा राहिला. हा मूळचा धरायचा की मदतीचा?

खडूस_शिट्टी:

चांगला प्रश्न. खेळाडूने त्याला मागे टाकला तिथे त्याचं मूळपण संपलं, असं मी धरतो. पण कॅम्पला पहिल्याच दिवशी हे विचारा, कारण तुमचे सामने वाटणारा माणूस काय धरतो ते महत्त्वाचं. आणि काय म्हणाला ते इथे येऊन टाका.