कार्बन घटला की प्रदूषण घटेलच का?
भविष्यातल्या हवा-प्रदूषणाचा अंदाज बांधताना कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनाच्या वक्राला ठरावीक गुणांक लावून सल्फर डायऑक्साइड काढायचा, ही पद्धत फसते. हवामान अभ्यासात वापरल्या जाणाऱ्या भविष्यचित्रांपैकी (एसएसपी) एसएसपी५-८.५ मध्ये कार्बन सर्वाधिक, पण प्रदूषण नियंत्रण कडक धरल्यामुळे सल्फर घटतो, एसएसपी३-७.० मध्ये नियंत्रणच ढिलं आहे.

प्रत्येक क्षेत्र आणि इंधन वेगळं घ्या: उत्सर्जन = इंधनवापर × उत्सर्जन गुणांक (एकक इंधनामागे निघणारं प्रदूषण) × (१ − कार्यक्षमता × व्याप्ती). कार्यक्षमता म्हणजे नियंत्रण यंत्रणा किती प्रदूषण अडवते, व्याप्ती म्हणजे ती किती इंधनवापराला लागू आहे. व्याप्ती हमखास विसरली जाते. ९५ टक्के कार्यक्षम यंत्रणा ६० टक्के इंधनवापरालाच लागू असेल, तर घट ५७ टक्केच! यंत्रणा बसवूनही बंद राहत असेल तर तीही नाही.

अमोनिया मात्र स्वतंत्र काढा. तो मुख्यतः खतं आणि पशुधनातून येतो, कोळसा बंद झाल्याने हलत नाही. आणि जैवइंधन कार्बनच्या हिशेबात शून्य धरलं, तरी त्याची काजळी शून्य धरू नका.