फंक बेस: आधी अंगठा की आधी डावा हात?

खर्जप्रेमी: फंक संगीतातलं बेस गिटार शिकायचंय तर सुरुवात 'स्लाय अँड द फॅमिली स्टोन' बँडचा बेसवादक लॅरी ग्रॅहमच्या अंगठ्यापासूनच करावी. ओकलंडमध्ये आईच्या गाण्याला साथ करताना ड्रमर उरला नाही, तेव्हा त्याने जाड तारेवर अंगठा आपटून बेस ड्रमची जागा भरली आणि बारीक तार बोटाने खेचून स्नेअरची, म्हणजे खणखणीत वाजणाऱ्या छोट्या ड्रमची. अंगठ्याच्या सांध्याचं हाड शेवटच्या फ्रेटांपाशी (गिटारच्या मानेवरच्या धातूच्या पट्ट्यांपाशी) पडलं पाहिजे. जोर मनगटाच्या फिरकीतून येतो, दंडातून नाही. आपटल्यावर अंगठा तारेवर रेंगाळला की सूर तिथेच मरतो.

सोळामात्रा: अजिबात पटलं नाही. टॉवर ऑफ पॉवर बँडचा बेसवादक रोको प्रेस्टियाचं 'वॉट इज हिप?' (१९७३) ऐका. सगळं बोटांनी, एका मात्रेत चार ठोके. १०० च्या लयीत मिनिटाला ४०० होतात. उजवी बोटं चालतच राहतात, पण ठोका गोळीबंद होतो तो डाव्या हाताच्या सैल दाबामुळे. नवशिके तार एकाच बोटाने मुकी करायला जातात. ते बोट ५व्या किंवा ७व्या फ्रेटवर आलं की हार्मोनिक, म्हणजे घंटेसारखा बारीक सूर, किणकिणतो. निदान दोन बोटं टेकवा. शिवाय ग्रॅहमची युक्ती ड्रमर नसतानाची. ड्रमर असताना बेस ड्रमची नक्कल कशाला?

खर्जप्रेमी: स्लायच्या बँडच्या १९६९च्या 'थँक यू'मध्ये ड्रमवर ग्रेग एरिको आहे, तरी अंगठा आहेच! ड्रमची जागा घेत नाही तो, ड्रमला धार देतो.

जाडी_तार: आधी तारा बघा. सपाट वेटोळ्याच्या, म्हणजे फ्लॅटवाउंड तारांवर खेचलेला सूर दबका येतो; स्लॅपला, म्हणजे अंगठा आपटून वाजवायला, नव्या राउंडवाउंड (गोल वेटोळ्याच्या) हव्यात. बोटांच्या मुक्या ठोक्यांना मात्र जुन्या तारा उत्तम. पण मी सोळामात्रांच्या बाजूने. अंगठा आपटताना शेजारच्या तारा डाव्या हातानेच गप्प ठेवाव्या लागतात, नाहीतर सगळा गोंगाट. ज्याला ते येत नाही त्याचा स्लॅप ॲम्प वाढवल्याबरोबर उघडा पडतो. आणि ग्रॅहमची कारकीर्द म्हणजे नुसता अंगठा नव्हे. १९७२ला स्लायचा बँड सोडून त्याने ग्रॅहम सेंट्रल स्टेशन उभं केलं, आणि एकट्याच्या नावावरचं सर्वांत गाजलेलं गाणं, १९८०चं 'वन इन अ मिलियन यू', संथ प्रेमगीत आहे.

खर्जप्रेमी: ते गायक म्हणून. बेसवादक म्हणून पुढच्या पिढ्यांनी त्याचा अंगठाच उचलला. शेजारच्या तारांचं मान्य, पण ते अंगठ्यासोबतच शिकावं: मेट्रोनोम (लय देणारं यंत्र) ६०वर, फक्त समेवर एक आपट, बाकी तीन मात्रा पूर्ण शांतता.

सोळामात्रा: म्हणजे चारांतल्या तीन मात्रा डाव्या हाताच्याच झाल्या की!