अनुभव धागा: "गाडी बाजूला घ्या" – गोव्यातले तालांव (वाहतूक दंडाच्या पावत्या) आणि आपण

फोंडेकर

मागच्या आठवड्यात संध्याकाळी पाचच्या सुमारास लेकीचा फोन आला. "बाबा, मला अडवलंय. लायसन चालत नाही म्हणतायत. तालांव देणार. काय करू?" अठरा पूर्ण होऊन तिला तीन महिने झालेत, लायसन येऊन एक. मी पस्तीस वर्षं याच रस्त्यांवर गाडी चालवतोय, आणि पोरीला फोनवर सांगायला माझ्याकडे काय होतं? "थांब, मी येतो."

पोचलो तर ती स्कूटरला टेकून उभी, रडवेली. हवालदार शांतपणे दुसऱ्या गाड्या बघत होता. तिने त्याला दाखवला होता लायसनचा फोटो, व्हॉट्सॲपवर मीच पाठवलेला. तो म्हणाला, "फोटो नाही चालत शेट. डिजिलॉकर उघडायला सांगा." डिजिलॉकर, ते सरकारी कागदपत्रांचं ॲप, होतं तिच्या फोनवर, पण लायसन कधी त्यात घेतलंच नव्हतं. मग तिथेच रस्त्याकडेला नंबर टाक, ओटीपीची वाट बघ, नेट गेलं, परत आलं. ऊन तिरपं, स्क्रीनवर काही दिसेना. शेवटी हवालदाराने डोक्यावरची टोपी काढून तिच्या फोनवर सावली धरली. लायसन आलं. तालांव नाही.

घरी येऊन वाचलं. डिजिलॉकर आणि एमपरिवहन या सरकारी ॲपमधली कागदपत्रं मूळ कागदांच्या बरोबरीची धरा, असं केंद्राच्या परिवहन मंत्रालयाने ऑगस्ट २०१८ मध्येच राज्यांना कळवलंय. गॅलरीतला फोटो त्यात बसत नाही. म्हणजे हवालदार बरोबर आणि बाप चूक.

तुमचे अनुभव लिहा. अडवल्यावर काय मागितलं, काय दाखवलं, कुठे अडलं. एकच अट: नाका, ठाणं, साहेबाचं नाव लिहू नका. कोणाची बदनामी करायला हा धागा काढलेला नाही.

बांद्यावरून रोज

मी बांद्याचा, म्हणजे सीमेलगत महाराष्ट्रातला, नोकरी गोव्यात म्हापशाच्या बाजूला. गाडी एमएच ०७. पत्रादेवीची हद्द ओलांडली की महिन्यातून एकदा तरी कोणीतरी हात करतोच. कागद सगळे असतात. प्रश्न ठरलेला: "गाडी गोव्यात किती दिवस आहे?"

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ४७. एका राज्यात नोंदलेली गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर तिथला नंबर घ्यावा लागतो. माझी गाडी रोज रात्री बांद्यात माझ्या अंगणात असते, पण हे सिद्ध कसं करणार? एकदा एका साहेबांनी सुचवलं, "गावाकडच्या पेट्रोलपंपाच्या पावत्या दाखवा." आता बोला. पेट्रोल गोव्यात स्वस्त, त्यामुळे आमच्याकडचा माणूस टाकी गोव्यातच भरतो, बांद्याच्या पंपाची पावती आणायची कुठून? मी खरं तेच सांगितलं. ते हसले, त्यांच्याबरोबरचा शिपाईही हसला. शेवटी मुलाच्या शाळेच्या फीची पावती दाखवली, पिशवीत योगायोगाने होती. सोडलं. तेव्हापासून ती पावती गाडीतच असते, इन्शुरन्सच्या कागदाबरोबर.

मधली सून

रात्री साडेअकरा, लग्नाहून परत. गाडी मी चालवत होते, कारण नवरा आणि दीर दोघांनी "थोडीशी" घेतली होती. नाकाबंदी लागली. मशीन पुढे आलं तेव्हा मी म्हटलं, नळी नवीन लावा. पोलीस म्हणाला, "नवीनच आहे मॅडम," आणि माझ्यासमोर प्लास्टिकचं पाकीट फोडलं. फुंकलं, शून्य आलं. ज्याने मशीन धरलं होतं त्याने आकडा मलाही दाखवला. हे चांगलं वाटलं.

खरी गोष्ट दिराची. वर्षभरापूर्वी त्याला असंच अडवलं होतं, तेव्हा तो म्हणाला, "मी फुंकणार नाही, माझा हक्क आहे." तो हक्क कुठून आला कोण जाणे. कलम २०३ नीट वाचलं तर उलटंच आहे. दारू घेतल्याचा संशय असताना फुंकायला नकार दिला तर वॉरंटशिवाय अटक करता येते. कायद्यातली मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम. हक्क आहे तो वेगळा: कलम १८५ (दारू पिऊन गाडी चालवणं) खाली अटक झाली तर दोन तासांच्या आत डॉक्टरकडून तपासणी व्हायला हवी, नाहीतर सोडावं लागतं. आणि बाईचं रक्त घ्यायचं असेल तर डॉक्टर बाई हवी किंवा निदान समोर बाई हजर हवी. हे दुसरं मला त्या रात्रीनंतर वाचून कळलं. दिराला पहिल्या वेळी दहा हजार बसले. सासूबाईंना अजून आकडा माहीत नाही, इथे कोणी नातेवाईक असाल तर गप्प बसा.

वाळपईचो

नाका सांगत नाही, अट आहे. हेल्मेट होतं, पण कोपरात अडकवलेलं. गोव्यात निम्मी हेल्मेटं कोपरात नाहीतर आरशावर असतात. ट्रॅफिकच्या मामांनी अडवलं. म्हणाले, "हजार रुपये तालांव. लायसनही तीन महिने जाईल. की मिटवूया?" आणि इकडेतिकडे बघितलं.

खोटं कशाला सांगू, हात खिशाकडे गेला होता. दोनशेत मिटलं असतं. पण मागे गावातला शाळकरी पोरगा बसला होता, मला काका म्हणणारा. त्याच्यासमोर लाज वाटली. म्हटलं, "तालांव द्या, पावती हवी." मामांचा चेहरा पडला, पण पावती आली, हजाराचीच. मी दिवसभर चिडचिडत होतो. मामांवर नाही, स्वतःवर. हेल्मेट घातलं असतं तर हजारही वाचले असते आणि दोनशेचा विचारही मनात आला नसता.

नवे दंड गोव्यात एप्रिल २०२२ पासून लागले. त्याआधी शंभरात भागायचं, म्हणून आमच्या पिढीला हेल्मेट म्हणजे चेष्टा वाटते. २०१७ मध्ये ट्रॅफिक सेंटिनल आले होते, लोकच नियम मोडणाऱ्या लोकांचे फोटो काढून पोलिसांना पाठवायचे आणि गुण मिळवायचे, आठवतं? तेव्हा गावात शेजारी शेजाऱ्याकडे संशयाने बघायला लागले होते.

फोंडेकर

@वाळपईचो, लायसन काढून घेतलं तर त्याची तात्पुरती पोच द्यावी लागते, कलम २०६. त्या पोचीवर तिच्यातल्या तारखेपर्यंत गाडी चालवता येते. पोच न घेता लायसन सोडून निघू नका.

ट्रॅफिकवाल्याची मुलगी

वरचं वाचून लिहावंसं वाटलं. बाबा अठ्ठावीस वर्षं खात्यात, त्यातली बरीच रस्त्यावर. टोपीखाली ओला रुमाल ठेवायचे. घरी आल्यावर तो पिळला की बादलीत काळं पाणी यायचं. आई तो रुमाल वेगळा धुवायची.

त्यांचा आवडता किस्सा "माका वळखना?" (मला ओळखत नाहीस?) वाल्यांचा. गाडी थांबवली की काच खाली येण्याआधी फोन कानाला. आमदाराचा, सरपंचाचा, नाहीतर कोणत्यातरी साहेबाच्या मेव्हण्याचा. बाबा म्हणायचे, फोन संपेपर्यंत मी तालांवाचं बुक बंद ठेवतो. दहातले सात फोन लागतच नाहीत.

अजून एक. व्हॉट्सॲपवर फिरतं की उपनिरीक्षकाच्या खालच्याने हात केला तर थांबायची गरज नाही. गाडी थांबवण्याबद्दलच्या कलम १३२ मध्ये उपनिरीक्षक हा शब्द आहे खरा. पण लायसन मागायला कलम १३० खाली गणवेशातला कुठलाही पोलीस पुरे, आणि वाहतूक सांभाळणाऱ्याने दिलेला इशारा पाळणं कलम ११९ प्रमाणे बंधनकारकच आहे. तो मेसेज वाचून एका मुलाने बाबांसमोर ॲक्सिलेटर पिळला. पन्नास मीटरवर, पावसाने निसरड्या झालेल्या वळणावर तो पडला. उचलायला बाबाच गेले. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

गणवेश नसेल, नावाची पट्टी नसेल तर मात्र विचारा. विचारल्याचा राग येणारा पोलीस बाबांनाही आवडायचा नाही.

पिवळो मडगार्ड

मी पायलट, म्हणजे मोटरसायकल टॅक्सीवाला. आम्हांला सगळे नाके पाठ आणि नाक्यावाल्यांना आम्ही पाठ. एकच सांगतो. खाजगी गाडीवाल्याकडे कागद जवळ नसला तर पंधरा दिवसांत दाखवायची सोय आहे, लोक ते आम्हांला ऐकवतात. आमची ट्रान्सपोर्ट गाडी, आरसी आणि फिटनेसला ती सवलत नाही. म्हणून सगळं सीटखाली, दोन प्लास्टिक पिशव्यांत. एक पिशवी पावसाळ्यात पुरत नाही.

पुण्याचा जावई

सासुरवाडी डिचोली. गेल्या डिसेंबरात धाकट्या भावाला आणि त्याच्या मित्रांना गोवा दाखवायला आणलं. ते कळंगुटला एका घरगुती लॉजवर उतरले. मालकाने चारशे रुपये रोजाने स्कूटर दिली. पांढरी पाटी. मी म्हटलं होतं, भाड्याच्या गाडीची पाटी काळी आणि अक्षरं पिवळी असतात, ही घेऊ नकोस. भाऊ म्हणाला, "दादा, शंभर रुपये कमी आहेत."

दुसऱ्या दिवशी अडवलं. "गाडी कोणाची?" भावाने शिकवल्याप्रमाणे सांगितलं, "मित्राची." "मित्राचं नाव काय?" भावाने माझ्याकडे बघितलं. मी समुद्राकडे. आरसीवरचं नाव त्याला वाचताच आलं नाही. गाडी तिथेच जमा झाली आणि आम्ही पायलट करून परत. बीचवरून भिजलेले, वाळूने माखलेले, दोघं दोन पायलटांच्या मागे. लॉजमालकाने उरलेल्या दिवसांचं भाडं परत दिलं नाही ते वेगळंच.

कॉलेजची

रस्त्यावर नाही, फोनवर अडवलं मला. "तुमचं चलान प्रलंबित, खालची फाइल उघडा." फाइल होती एपीके, म्हणजे फोनवर ॲप बसवणारी. तालांव बघायला कुठलीही फाइल लागत नाही, परिवहनच्या ई-चलान साइटवर गाडीची माहिती टाका, दिसतं. मैत्रिणीने ती फाइल उघडली आणि बँकेतले पैसे गेले. एवढंच.

कुडचडेकर

माझं थोडं वेगळं आहे. सिग्नलला थांबलो होतो, एका तरुण पोलिसाने येऊन सरळ स्कूटरची किल्ली काढून घेतली. मी उतरलो आणि म्हणालो, "किल्ली काढायचा अधिकार कुठल्या कलमात आहे ते दाखवा. जप्ती करायची असेल तर कलम २०७ आहे, त्यातली कारणं सांगा." आवाज चढला होता, कबूल करतो. मागे हॉर्न वाजत होते, एक फुलवाली बघत होती.

पोरगा गोंधळला. त्याचे वरिष्ठ आले, वय पन्नाशीचं. सगळं ऐकून घेतलं आणि त्याला म्हणाले, "किल्ली दी रे तांची." किल्ली माझ्या हातात आली. मी जिंकलो असं वाटेपर्यंत ते माझ्याकडे वळले, अगदी गोड आवाजात: "आता कागद दाखवा." लायसन, ठीक. आरसी, ठीक. पीयूसी, ठीक. इन्शुरन्स चार दिवसांपूर्वी संपलेला.

विम्याशिवाय गाडी, पहिल्या वेळी दोन हजार. तिथेच भरले, पावती घेतली, त्या दोघांसमोर फोनवरून पॉलिसी नूतन केली. फुलवाली अजून बघतच होती.

किल्ली मात्र माझ्याच खिशात होती.