मदत हवी आहे: मायक्रोलाइटचं इंजिन चढताना फडफडतं, रविवारच्या आधी उत्तर पाहिजे

रानपाखरू (मंगळवार, रात्री ९.४०)
नमस्कार मंडळी. आमच्या आर्वीच्या क्लबच्या विमानाचं इंजिन चढताना फडफडायला लागलंय. आधी वाटलं उन्हामुळे असेल, पण आता सकाळीही तेच. पेट्रोलमधल्या इथेनॉलमुळे होतंय का? टाकी पूर्ण रिकामी करून दुसऱ्या पंपावरचं भरू का? रविवारी जिल्हा परिषद शाळेची पोरं विमान बघायला येणार आहेत, गुरुजींना शब्द दिला आहे. कोणाला अनुभव असेल तर लवकर सांगा. सरळ उपाय सांगा, लांबण नको.

स्पॅनर१३ (रात्री ९.५५)
कोणतं इंजिन? किती तास झाले? फडफडतं म्हणजे आरपीएम पडतो, की विमान थरथरतं, की मिस मारतं? फ्युएल प्रेशर किती दाखवतं? यातलं काहीच लिहिलं नाही आणि उपाय सरळ पाहिजे. कुठून सांगायचा?

जुना_पुष्पक (रात्री १०.२०)
बाळा, आधी हवेचा हिशोब कर. नागपूरच्या विमानतळाची उंची १,०३३ फूट, तुमच्याकडेही तेवढीच धर. या उंचीला प्रमाण तापमान १३ अंश. दुपारी ४५ असेल तर फरक ३२ चा. दर अंशाला १२० फूट, म्हणजे ३,८४० फूट. त्यात जमिनीची उंची मिळव, ४,८०० च्या वर जातं. विमान उभं आहे आर्वीत, पण पंखाला आणि इंजिनाला हवा मिळते ती महाबळेश्वराच्याही वरची. आम्ही पुष्पक या शिकाऊ विमानावर शिकलो, ९० अश्वशक्तीचं कॉन्टिनेंटल होतं. मे महिन्यात सकाळी साडेआठनंतर सर कोणाला चावीच देत नसत.

रानपाखरू (रात्री १०.३१)
काका, सकाळी साडेसहालाही फडफडतं, तेच तर लिहिलं आहे.
स्पॅनर भाऊ, इंजिन रोटॅक्स ९१२. आणखी काय वेगळं असणार?

धरणकाठ (रात्री १०.५०)
वेगळं असतं. ९१२ यूएल की ९१२ यूएलएस? ८० अश्वशक्तीच्या यूएलला ९० ऑक्टेन पुरतो, १०० अश्वशक्तीच्या यूएलएसला किमान ९५ लागतो. इंधनाचा प्रश्न विचारताय तर हे आधी सांगायला हवं.

धावपट्टी_यवतमाळ (रात्री ११.०५)
व्हेपर लॉक आहे, डोळे मिटून सांगतो. उतरलं, इंजिन बंद केलं, गप्पा मारल्या, पुन्हा चालू केलं. तेवढ्या वेळात काउलिंगखालची (इंजिनावरच्या झाकणाखालची) उष्णता नळ्यांमध्ये शिरते, पेट्रोलचे बुडबुडे होतात आणि पंप वाफ ओढत बसतो. माझ्या विमानाला हेच व्हायचं. टाकीत परत जाणारी रिटर्न लाइन टाकली, बारीक छिद्राचा जेट लावून, नळ्यांवर ग्लासफायबरचं आवरण चढवलं, आणि एक्झॉस्टच्या बाजूला पत्रा ठोकला. प्रश्न संपला. रिटर्न लाइन आहे का तुमच्याकडे?

पऱ्हाटी (बुधवार, सकाळी ६.१२)
भाऊ, माह्या गाडीलेही असंच होत होतं. पेट्रोलमंदी थोडं टूटी ऑइल टाकलं, मस्त चालते आता. करून पाहा.

स्पॅनर१३ (सकाळी ७.३०)
पऱ्हाटी भाऊ, असं सांगू नका. ९१२ फोर स्ट्रोक आहे, त्याला ऑइलची वेगळी टाकी असते. रोटॅक्स ५८२ असतं तर पेट्रोलला ५० ला १ ऑइल लागलंच असतं, तो टू स्ट्रोक आहे. कोणी नवीन पोरगं वाचेल आणि टाकीत ओतेल.

पऱ्हाटी (सकाळी ७.४१)
बरं बावा, मले विमानातलं काय समजते. मदत कराव म्हणून लेहलं.

फवारणीवाला (सकाळी ८.०५)
मी कापसावर फवारणी करतो, १० लिटरच्या टाकीचा ड्रोन आहे. बॅटरीवर चालतो, त्यामुळे पेट्रोलची कटकटच नाही. उन्हात बॅटरी फुगते म्हणून ओल्या गोणपाटाखाली सावलीत ठेवतो, चार्जिंग थंड झाल्यावरच. कोणाला एकरी हिशोब पाहिजे असेल तर सांगतो.

रानपाखरू (सकाळी ८.२०)
ड्रोनचं नंतर बोलू दादा.
यूएलएस आहे, ताई. रिटर्न लाइन आहे, विमान आलं तेव्हापासूनच. टाकीत गावातल्या पंपाचं साधं पेट्रोल. ४,००० आरपीएमपर्यंत चाचणी नीट होते, दोन्ही इग्निशन तपासली, आरपीएमचा ड्रॉप मर्यादेत. आयडलला मात्र विमान हलतं. पॉवर दिली की सुधारतं, आणि चढताना मध्येच पुन्हा थरथर. परवानगी, नोंदणी सगळं आहे, ते कोणी विचारू नये. आता सांगा, पेट्रोल बदलू का?

धरणकाठ (सकाळी ९.००)
आधी पेट्रोल तपासा, मग बदला. १०० मिलीचं मोजपात्र घ्या, शाळेच्या प्रयोगशाळेत मिळेल. १० च्या रेघेपर्यंत पाणी, त्यावर १०० पर्यंत पेट्रोल. तोंड बंद करून हलवा, दहा मिनिटं ठेवा. इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्यात उतरतं. पाण्याची रेघ १० वरच राहिली तर इथेनॉल नाही. २८ च्या आसपास गेली तर तुमच्याकडे ई-२० (२० टक्के इथेनॉलचं) आहे, कारण ९० मिलीचे २० टक्के म्हणजे १८. ९१२ साठी कंपनीची मुभा ई-१० पर्यंतच आहे. काही पंपांवर १०० ऑक्टेनचं बिनइथेनॉलचं मिळतं, पण पाटीवर विश्वास ठेवू नका. तेही याच पात्रात घालून बघा.

कोरडवाहू (सकाळी ९.२५)
मग सोपं आहे. सगळ्या पेट्रोलमध्येच पाणी घाला, इथेनॉल खाली बसेल, वरचं काढून विमानात भरा. घरचं इथेनॉल-फ्री.

धरणकाठ (सकाळी ९.३३)
हे अजिबात करू नका. ई-२० चा ९५ ऑक्टेन इथेनॉल धरूनच येतो. ते काढलं की उरलेल्याचा ऑक्टेन खाली जातो आणि यूएलएसला ९५ हवाच. पूर्ण पॉवरवर डिटोनेशन झालं (मिश्रण धक्क्याने फुटलं) तर पिस्टन जाईल. शिवाय पेट्रोलमध्ये पाण्याचा अंश राहतो तो वेगळाच. चाचणीचं पेट्रोलसुद्धा टाकीत परत ओतू नका.

कोरडवाहू (सकाळी ९.४०)
परदेशात लोक करतात, व्हिडिओ आहेत. आणि मुळात हे इथेनॉल आणलंच कशाला? उसाला भाव मिळावा म्हणून आमच्या गाड्यांचं नुकसान. कापसाचं काय त्यात?

पऱ्हाटी (सकाळी ९.५२)
हे बाकी खरं बोलला. ऊस तिकडचा, पेट्रोल आपल्या टाकीत.

धाग्याचे संपादक (सकाळी १०.१०)
इथेनॉलच्या धोरणावर वेगळा धागा आहे, तिथे जा. इथे इंजिनाबद्दलच लिहा. पुढचे तीन प्रतिसाद हलवले आहेत.

धावपट्टी_यवतमाळ (सकाळी १०.४५)
रिटर्न लाइन असली तरी जेट बुजलेला असू शकतो. इथेनॉल जुन्या टाकीतला गाळ सोडवतं आणि तो बरोबर तिथे जाऊन बसतो. मी अजूनही व्हेपर लॉकच म्हणतो.

स्पॅनर१३ (दुपारी १२.१५)
मला पटत नाही. व्हेपर लॉक असेल तर फ्युएल प्रेशरचा काटा पडतो आणि बूस्ट पंप (जादा इलेक्ट्रिक पंप) लावला की सावरतो. शिवाय ते गरम इंजिनाचं दुखणं, सकाळी साडेसहाच्या थंड स्टार्टला येत नाही. आयडलला हलतं, पॉवर दिल्यावर सुधारतं, हे एका बाजूला पेट्रोल जास्त जात असल्याचं लक्षण आहे. ९१२ ला दोन कार्ब (पेट्रोल-हवा मिसळणारे कार्बोरेटर), प्रत्येक कार्ब आपल्या बाजूच्या दोन सिलिंडरना देतो. एक कार्ब उतू जात असेल तर दोन बाजू एकमेकींशी भांडतात, थरथर तिथून येते.
रानपाखरू, पुढच्या तीन गोष्टी बघून सांगा. चालू इंजिनाला फ्युएल प्रेशर किती? ०.१५ ते ०.४ बार पाहिजे. आठही प्लग काढून डाव्या-उजव्यांचा रंग कसा आहे? आणि बंद केल्यावर कार्बच्या व्हेंट नळीतून पेट्रोल ठिबकतं का, वास येतो का?

रानपाखरू (दुपारी १२.३०)
वास येतो. हँगरमध्ये नेहमीच येतो, म्हणून लिहिलं नव्हतं. बाकीचं संध्याकाळी बघतो, आत्ता जिनिंगवर आहे.

जुना_पुष्पक (दुपारी १.१०)
हँगरमध्ये पेट्रोलचा वास "नेहमीचा" असू नये, बाळा. रविवारी तिथे शाळेची लेकरं उभी राहणार आहेत.

धरणकाठ (दुपारी १.४०)
काकांशी सहमत. टाकी रिकामी करणार असाल तर ते पेट्रोल ठेवणार कुठे? विनापरवाना ३० लिटरपर्यंतच ठेवता येतं. प्लास्टिकच्या पाण्याच्या कॅनमध्ये तर मुळीच नको, धातूचा डबा आणि ओतताना अर्थिंगची वायर.

भाचा_पायलट (दुपारी ३.२०)
नमस्कार, धागा वाचून छान वाटलं. माझ्या भाच्याला पायलट व्हायचं आहे, आत्ता दहावी झाला. तुमच्या क्लबमध्ये शिकवता का? फी किती? चष्मा आहे, चालेल का?

रानपाखरू (रात्री ९.१५)
बघितलं. फ्युएल प्रेशर ०.३, अर्धा तास चालवलं तरी काटा हलला नाही. बूस्ट पंप लावून काही फरक नाही. उजवे चारही प्लग फिकट तपकिरी. डावे चारही काळे कुळकुळीत, ओली काजळी, बोटाला लागते. डाव्या कार्बच्या व्हेंटखाली ठिबक्याचा डाग. मोजपात्राचीही चाचणी केली, रेघ २७ च्या थोडी वर थांबली, म्हणजे ई-२०च. आता?

स्पॅनर१३ (रात्री ९.३०)
आता डाव्या कार्बचा बाउल (खालची पेट्रोलची वाटी) काढा आणि आतले फ्लोट (तरंगणारे तुकडे) तोला. एका कार्बमध्ये दोन फ्लोट असतात, दोन्हींचं मिळून वजन ७ ग्रॅमच्या वर नको. काळाने पेट्रोल शोषून ते जड होतात, वर तरंगत नाहीत, मग पेट्रोल अडवणारी सुई बंद होत नाही आणि बाउल उतू जातो. काढल्यावर पुसा आणि लगेच तोला. वाळू दिले तर वजन कमी भरतं आणि फसगत होते. सुईवर कचरा नाही ना तेही बघा. किराणा दुकानाचा काटा नको, सराफाकडे जा. आणि कार्ब इंजिनाला जोडणारे रबरी सॉकेट कधी बदलले? रबराचं सगळं पाच वर्षांनी बदलायचं असतं.

धावपट्टी_यवतमाळ (रात्री ९.५०)
फ्लोट असू शकतात, नाही म्हणत नाही. पण मे महिन्यात पत्रा आणि आवरण हवंच. ते करून ठेवा, उपयोगी पडेल.

रानपाखरू (गुरुवार, दुपारी १२.०५)
तोलले. दोन्ही जोड्या वेगवेगळ्या स्टीलच्या डबीत बंद करून सराफ्यात नेल्या. दुकानदार काकांनी आधी मागच्या खोलीतली गॅसची बत्ती विझवली, कारागिराला बाहेर काढलं आणि मग काच उघडून तोललं. उजवी जोडी ६.४ ग्रॅम. डावी ८.१. काकांना वाटलं काटा बिघडला, त्यांनी दहा ग्रॅमचं वजन ठेवून पुन्हा खात्री केली. सुईवर कचरा नाही. सॉकेटला बारीक भेगा आहेत, वाकवल्यावर दिसतात.

स्पॅनर१३ (दुपारी १२.२०)
मग झालंच. फ्लोट बदला, दोन्ही बाजूंचे बदला. सॉकेटही बदला, भेगेतून हवा ओढली तर त्या बाजूचं मिश्रण उलट पातळ होतं.

कोरडवाहू (दुपारी १२.४५)
म्हणजे इथेनॉलनेच फ्लोट खाल्ले ना?

धरणकाठ (दुपारी १.००)
तसं ठरवता येत नाही. बिनइथेनॉलच्या पेट्रोलवरही फ्लोट जड होतात, आणि एकाच टाकीचं पेट्रोल पिणारी उजवी जोडी चांगली आहे. पण ई-२० मर्यादेबाहेरचं आहे हे खरंच, ते बदलायला हवं. अॅवगॅस (विमानांचं पेट्रोल) मिळालं तर चालेल, फक्त त्यात शिसं असतं, म्हणून इंजिन ऑइल २५ तासांनी बदलावं लागेल.

रानपाखरू (दुपारी १.१५)
ताई, स्पॅनर भाऊ, मनापासून आभार. आता फ्लोटची नवी जोडी शनिवारपर्यंत कुठे मिळेल? मागवले तर आठवडा जाईल. नागपूर, अमरावती, चंद्रपूर, कोणाकडे शिल्लक आहेत का? मी स्वतः न्यायला येतो, रात्री निघावं लागलं तरी चालेल.

धावपट्टी_यवतमाळ (दुपारी १.४०)
माझ्याकडे दोन जोड्या आहेत, न वापरलेल्या. सॉकेट एकच आहे. संध्याकाळी या, पण इथेच तोलून घ्या, माझ्या शब्दावर नेऊ नका. येताना नळ्यांचा व्यास मोजून आणा, आवरणाचा तुकडाही देतो.

जुना_पुष्पक (दुपारी २.३०)
फ्लोट बसले म्हणून रविवारी उडायचं नाही. तुमच्या एएमईची (विमान देखभाल इंजिनिअरची) सही कधी?

रानपाखरू (दुपारी २.४५)
एएमई साहेब नागपूरहून सोमवारी येतात. त्याआधी विमान जमिनीवरच राहील, काका. पोरांना कॉकपिटमध्ये एकेकाला बसवू, कंट्रोल हलवून दाखवू, इंजिन चालू करणार नाही. टाकी आज रिकामी करतोय, हँगरचे दोन्ही दरवाजे उघडे ठेवले आहेत. गुरुजींना फोन करून सांगितलं, ते म्हणाले उडालं नाही तरी चालेल, पोरांना आतून बघायचं आहे. उड्डाण बघायला पुन्हा बोलावणारच आहे त्यांना.

भाचा_पायलट (दुपारी ३.०५)
माझ्या प्रश्नाचं कोणी सांगेल का?

धरणकाठ (दुपारी ३.३०)
दहावी पास आणि १६ वर्षं पूर्ण झाली की स्टुडंट लायसन्स काढता येतं. प्रायव्हेट लायसन्ससाठी वय १७ आणि किमान ४० तास उड्डाण. चष्मा चालतो, नंबर घालून दृष्टी नीट झाली पाहिजे, ते क्लास २ मेडिकलमध्ये बघतात. फी भरण्याआधी मेडिकल करून घ्या. बाकीसाठी नवा धागा काढा, तिथे लिहिते.

स्पॅनर१३ (दुपारी ४.१०)
रानपाखरू, एक राहिलं. बाउलचे गॅस्केट नवे घ्या, जुने परत दाबून बसवू नका. आणि सॉकेट बदलल्यावर दोन्ही कार्ब व्हॅक्यूम गेज लावून सिंक्रोनाइझ (एकसारखे) करायला एएमई साहेबांना सांगा. सॉकेट एकच मिळतंय तर दुसरं आजच मागवून ठेवा, दोन्ही येईपर्यंत थांबलात तरी बिघडत नाही.