मोह समोर उभा असतो, तेव्हा तुम्ही नेमकं काय करता?

बायबलमधली वचनं आपल्या सगळ्यांना पाठ आहेत, उपदेशही पुष्कळ ऐकून झालेत. मला हवेत ते अनुभव. त्या पाच मिनिटांत तुम्ही काय करता? पडलेल्यांनीही लिहा; नुसत्या विजयाच्या साक्षी ऐकल्या की माझ्यासारख्याला आणखीच एकटं वाटतं.

सुरुवात माझ्यापासून. माझा दोष राग. दिवसा घरात आरडाओरडा, रात्री पश्चात्तापाची लांबलचक प्रार्थना, सकाळी पुन्हा तेच. एका वृद्ध फादरांनी मला जेझुइट संघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांची १६ व्या शतकातली रीत शिकवली. एका वेळी एकच दोष धरायचा. सकाळी त्याची आठवण ठेवायची, दुपारी आणि रात्री झडती घ्यायची. कागदावर दिवसाच्या दोन रेघा, एक दुपारपर्यंतची, एक रात्रीपर्यंतची. चुकलं की ठिपका. आणि चूक होताच छातीवर हात न्यायचा, तोही शेजारच्याला न कळेल असा.

मला हे उधारीच्या वहीसारखं वाटलं होतं. पहिल्या आठवड्यात ठिपक्यांना जागा पुरेना. पण तिसऱ्या आठवड्यात ध्यानात आलं की बहुतेक ठिपके रात्रीच्या रेघेवर आहेत, आणि त्यातले निम्मे मी जेवण चुकवलेल्या दिवसांचे. म्हणजे मी देवाकडे सहनशीलता मागत होतो आणि चिडत होतो भुकेपोटी! आता कधीकधी आवाज चढायच्या आधीच हात छातीशी जातो. परवा नाही गेला.

* * *

माझं व्यसन मोबाइलवरच्या अश्लील व्हिडिओंचं. पापनिवेदनाला, म्हणजे फादरांपुढे पाप कबूल करायला, मी दर वेळी वेगळ्या फादरांकडे जायचो, एकूण हिशेब कुणाकडेच राहायला नको म्हणून. ऐकलेलं ते कधीच, कुणालाही सांगू शकत नाहीत हे ठाऊक होतं, तरी लाज वाटायची. शेवटी एकाच फादरांकडे जायचं ठरवलं. चौथ्या खेपेला त्यांनी विचारलं, "हे किती वाजता होतं?"

मी गांगरलो. रात्री अकरानंतर, अंथरुणात.

"मग अकरा वाजता फोन कुठे असतो?"

बस, एवढंच. तेव्हापासून माझा फोन स्वयंपाकघरात झोपतो आणि मी रात्रीची प्रार्थना म्हणून दिवा मालवतो. तिच्यातलं शिमोनाचं गीत, बाळ येशूला पाहिल्यावर त्या म्हाताऱ्यानं म्हटलेलं, आता तोंडपाठ आहे. सव्वा वर्षात दोनदा पडलो, दोन्ही वेळा प्रवासात, एकटा असताना.

* * *

माझी जीभ. आणि ती सुटते कुठे, तर प्रार्थनेच्या गटात! "प्रार्थनेसाठी म्हणून सांगते हं," अशी सुरुवात करून मी कितीजणींचे संसार उघडे केले असतील. आता स्वतःला एक नियम घातलाय: जिच्यासाठी प्रार्थना मागायची, तिला आधी विचारायचं. माझे विनंतीचे विषय एकदम कमी झाले.

* * *

ईस्टरआधीचा उपासकाळ राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत मोजा, ४६ दिवस भरतात. रविवार उपासात धरत नाहीत, म्हणून ४०. मी उपासात ऑनलाइन जुगार सोडला होता आणि ही पळवाट मला बरोबर माहीत होती. चार रविवार खेळलो. पुढच्या शनिवारी रात्री बारा वाजायची वाट बघत घड्याळासमोर बसलो होतो, तेव्हा माझंच मला हसू आलं, मग रडू आलं. त्याच रात्री बायकोला उठवून कर्जाचा आकडा सांगितला. खातं तिनं बंद केलं. त्या वर्षीचा माझा उपास खरं तर तिथून सुरू झाला.

* * *

माझं थोडं वेगळं आहे, रागावू नका. दारू सुटावी म्हणून चर्चच्या मंडळीनं माझ्यावर हात ठेवून अनेकदा प्रार्थना केली. मी दर वेळी सगळ्यांपुढे सुटल्याची साक्ष दिली आणि दर वेळी पुन्हा प्यायलो. सोडली की हात थरथरायचे, मग विश्वास कमी पडला म्हणून आणखी अपराधी वाटायचं. डॉक्टरांनी सांगितलं की एवढी पिणाऱ्यानं ती एकदम सोडणं जिवावर बेतू शकतं. दवाखान्यात दाखल होऊन, औषधं घेऊन सुटली. प्रार्थना तेव्हाही चालू होती, आजही आहे. फक्त प्रभूच्या प्रार्थनेत 'रोजची भाकर आज' म्हणताना मी 'आज'वर जरा थांबतो. उद्याचं मागत नाही.

* * *

तुमच्यापुढे माझा दोष अगदीच फिका. कंटाळा. दुपारी काम सोडून फोन चाळत बसायचं, मग दिवस वाया गेला म्हणून कुढायचं. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या इव्हाग्रियस नावाच्या साधूनं या कंटाळ्याला दुपारचं भूत म्हटलंय, हे वाचून मी चाटच पडले. सूर्य जागचा हलत नाही असं वाटतं, साधू सारखा खिडकीकडे बघतो, कुणी भेटायला येतंय का म्हणून डोकावतो. खिडकीच्या जागी फोन ठेवा, झाले मी! प्रत्येक वाईट विचाराला उत्तर म्हणून त्यानं शास्त्रातली वचनं जमवून ठेवली होती. प्रभू येशूनंही सैतानानं मोहात पाडायला पाहिलं तेव्हा तिन्ही वेळा बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकातल्याच वचनांनी उत्तर दिलं होतं. माझ्याकडे एकच आहे, स्तोत्र ७० ची सुरुवात: देवा, माझ्या मदतीला धाव. ती पुटपुटत खुर्चीतच बसून राहायचं. उठायचं नाही, हाच माझा उपास.

फोन स्वयंपाकघरात ठेवणाऱ्या दादांना एक विचारायचंय. सकाळचा गजर कशावर लावता? माझं सगळं घोडं तिथेच अडतं.

* * *

जुनं चावीचं घड्याळ आहे, ताई. रोज पाच मिनिटं मागे पडतं. चावी देताना मीच पुढे करतो.