बांबू कुणाचा?
'जंगलावर हक्क दिले की गावकरी जंगल साफ करतील' अशी भीती व्यक्त होते. ती गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा या गोंड गावाला लावून बघा. कागद कारखान्याला तिथला बांबू भाडेपट्ट्याने दिला, तेव्हा ही भीती कुणाला वाटली नव्हती, असो. २००६च्या वनहक्क कायद्यात बांबू गौण वनोपज (इमारती लाकूड सोडून जंगलातलं इतर उत्पादन, जे गोळा करून विकायचा हक्क गावकऱ्यांचा) असल्याचं स्वच्छ लिहिलंय. या गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क २००९ साली मिळाला. पण बांबू बाहेर विकायचा तर वाहतूक परवाना हवा, आणि तो वनखातं देईना! एप्रिल २०११मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले, तेव्हा कुठे परवाना-पुस्तक ग्रामसभेच्या हातात पडलं. बांबूतोडीचे निर्णय आता ग्रामसभाच घेते, तेही बहुमताने नाही, सर्वसहमतीने.